ॲडम्स नदीकाठी तीन दिवस आणि पावसातला एक

ऑगस्टमध्ये रेवाचा फोन आला. "आई, तिकीट ऑक्टोबरचंच काढ. यंदा चौथं वर्ष आहे."

चौथं वर्ष म्हणजे काय, हे तिला मीच कधीतरी सांगितलं होतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ॲडम्स नावाची नदी आहे, तिचा खालचा टप्पा जेमतेम 11 किलोमीटरचा. तिथे सॉकाय जातीचे सॅमन दरवर्षी येतात, पण दर चौथ्या वर्षी त्यांची संख्या इतर वर्षांच्या कितीतरी पट असते. 2010, 2014, 2018 आणि त्या वर्षी 2022. शाळेत जीवशास्त्र शिकवताना "सॅमन अंडी घालण्यासाठी समुद्रातून जन्मनदीत परततो" हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. मासा मात्र कधी पाहिला नव्हता. रेवा व्हँकूव्हरजवळच्या बर्नाबीला नोकरीला असल्यामुळे राहायची सोय होती. व्हिसा, तिकीट सगळं वेळेत झालं.

एक खुलासा आधीच करते. आपल्या बाजारात रावसाला "इंडियन सॅमन" म्हणतात, पण रावसाचं आणि या माशाचं काही नातं नाही. रावस वेगळ्या कुळातला आहे. हा प्रवास त्याच्याबद्दल नाही.

पहिला दिवस : फ्रेझरची घळ

8 ऑक्टोबर, शनिवार. कॅनडात त्या सोमवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती, म्हणून आम्ही सकाळी सहालाच निघालो. ॲडम्सला जायला कोक्विहाला घाटातला रस्ता जवळचा आहे. आम्ही मुद्दाम होपहून जुना एक नंबरचा महामार्ग धरला, कारण तो फ्रेझर नदीला धरून जातो. मासे ज्या वाटेनं गेले, त्याच वाटेनं मला जायचं होतं. तुम्ही गेलात तर जाताना हाच रस्ता घ्या, घाई असेल तर येताना घाट.

त्या वर्षी पाऊसच नव्हता. ऑक्टोबर उजाडला तरी अंगात स्वेटर नको वाटत होता, आणि होपच्या आसपास हवेत वणव्याच्या धुराचा वास होता. डोंगर निळे दिसायच्या ऐवजी राखाडी दिसत होते.

हेल्स गेटला फ्रेझर नदी जेमतेम 35 मीटरच्या फटीतून जाते. पलीकडे जायला रोपवेचा पाळणा आहे, पण आम्ही महामार्गावरून उतरणाऱ्या पायवाटेनं खाली झुलत्या पुलापर्यंत गेलो. उतरताना आवाज आधी कानात येत नाही, छातीत येतो. पुलावर उभं राहून खाली पाहिलं तर पाणी वाहत नव्हतं, उकळत होतं. भोवरे वर फुगून येत होते आणि फुटत होते. एवढ्या पाण्यातून हातभर लांबीचा मासा वर जातो, तोही उपाशी! कारण गोड्या पाण्यात शिरल्यावर सॉकाय खाणं बंद करतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवर सगळा प्रवास.

1913 मध्ये इथे रेल्वेमार्ग बांधताना फोडलेला दगड नदीत ढकलला गेला आणि 1914 च्या सुरुवातीला मोठी दरड कोसळली. आधीच अरुंद असलेलं दार जवळपास बंद झालं. 1913 हे वर्ष नेमकं फ्रेझरच्या मोठ्या हंगामाचं होतं. मासे खालच्या बाजूला थकून, अंडी पोटात घेऊन मेले. पुढची कित्येक दशकं ही नदी त्यातून सावरली नाही. 1940 च्या दशकात दोन्ही काठांना काँक्रीटचे माशांचे मार्ग बांधले. पुलावरून ते नीट दिसतात. आत ओळीनं अडथळ्याच्या भिंती आहेत, त्यांच्यामुळे पाण्याचा जोर मोडतो, मासा एक झेप घेतो, कोपऱ्यात दम खातो, पुन्हा झेप घेतो. नदीच्या मुख्य प्रवाहावर आजही एकही धरण नाही. शेजारच्या कोलंबिया नदीवर 1942 मध्ये ग्रँड कूली धरण पूर्ण झालं. त्याला माशांसाठी वाटच ठेवली नाही, आणि त्याच्या वरचा सगळा खोरा सॅमनला कायमचा बंद झाला. म्हणून फ्रेझरकडे बघताना मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर कृतज्ञता.

पुढे घळीत कातळावर लाकडी मांडव उभे दिसतात. तिथले मूळ रहिवासी उन्हाळ्यात या मांडवांवर सॅमनच्या फाकी टांगतात आणि घळीतला कोरडा गरम वारा त्या वाळवतो. ऑक्टोबरात मांडव रिकामे होते. वाऱ्यात कुठे मिठाचा, कुठे धुराचा वास. बहुधा तो माझ्या मनातलाच असावा.

दुपारी लिटनला थांबलो. या गावात 29 जून 2021 ला 49.6 अंश तापमान नोंदलं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी गाव जळून गेलं. आम्ही गेलो तेव्हा कुंपणामागे मोकळे चौथरे होते. बोलवेना. पण नदीच्या दृष्टीनं लिटन फार महत्त्वाची जागा आहे. इथे थॉम्पसन नदी फ्रेझरला मिळते. फ्रेझर गढूळ, चहाच्या रंगाची, थॉम्पसन निळसर हिरवी, काचेसारखी. संगमानंतर बरंच अंतर दोन्ही पाणी एकाच पात्रात शेजारी शेजारी, न मिसळता वाहतं.

ॲडम्सचा मासा इथे उजवीकडे वळतो. सरळ गेला तर चुकला. तो वळतो ते वासावरून. लहानपणी नदी सोडताना तिच्या पाण्याचा वास त्याच्यात ठसलेला असतो. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ आर्थर हॅस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात प्रयोगांनी हे दाखवलं. नाकपुड्या बंद केलेले मासे फाट्यावर चुकले, उघड्या नाकाचे बरोबर गेले. पण समुद्रातून नदीच्या मुखापर्यंत वास पुरत नाही. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उपयोगी पडतं. याच फ्रेझरच्या सॉकायच्या 56 वर्षांच्या नोंदी तपासून 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाटेत आडवं येणारं व्हँकूव्हर बेट उत्तरेनं वळसा घालून ओलांडायचं की दक्षिणेनं, हे चुंबकीय क्षेत्रात वर्षागणिक होणाऱ्या बारीक बदलांशी जुळत होतं. मी रेवाला म्हटलं, "म्हणजे समुद्रात होकायंत्र आणि नदीत नाक." ती संगमाचा फोटो काढत होती. म्हणाली, "थांब आई, हे लिहून ठेवते."

मुक्कामाचं मात्र बिनसलं. चेस गावात महिनाभर आधी नोंदवलेली खोली पोहोचल्यावर दुसऱ्यांना दिलेली निघाली. सुट्टीमुळे आसपास काही मिळेना, शेवटी रात्री कॅमलूप्सला मागे येऊन राहिलो. मोठ्या हंगामाच्या वर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीत जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून खोली पक्की आहे ना, हे विचाराच.

दुसरा दिवस : लाल

सकाळी साउथ थॉम्पसन नदीवर धुक्याची पट्टी होती, कॅमलूप्सला राहिल्याचा हा फायदा. तासाभरात ॲडम्स गाठली. उद्यानाचं नाव आता चूच्वेक आहे. तिथल्या श्वेपमख लोकांच्या भाषेत याचा अर्थ "पुष्कळ नद्या". 2018 पर्यंत उद्यानाला वेगळं नाव होतं, मग जुनं नाव परत आलं. मोठ्या वर्षी इथे जत्राच भरते. मुलांच्या गाड्या, आजी-आजोबा, कॅमेऱ्यांच्या लांब नळ्या. वाहनतळावरून नदी दिसत नाही. आधी वास येतो, मग झाडांच्या पलीकडून छपछप आवाज, जसा उथळ पाण्यात मुलं खेळत असल्यासारखा.

आणि मग ती दिसली.

नदी लाल होती असं म्हणणं बरोबर नाही. पाणी स्वच्छ होतं, तळाचे गोटे मोजता येत होते. लाल होते ते मासे, आणि ते इतके होते की तळ अधूनमधूनच दिसत होता. अंग कुंकवासारखं, डोकं शेवाळी हिरवं. नराच्या पाठीला उंच मदार आलेली, जबडा आकड्यासारखा वाकलेला, दात बाहेर. समुद्रात हाच मासा चंदेरी असतो. समुद्रातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवांतून मिळालेलं लाल रंगद्रव्य त्याच्या मांसात साठतं, आणि प्रवासात मांसातून निघून कातडीत येतं. म्हणून इथे पोहोचलेल्या माशाचं मांस फिकट होतं आणि अंग पेटतं.

गर्दी पाहण्याच्या मचाणावर होती. आम्ही काठानं थोडं वर गेलो आणि एका कॉटनवुडच्या मुळांवर बसलो. समोर हाताच्या अंतरावर एक मादी होती. पुढचे दोन तास मी तिच्यापासून हलले नाही.

ती कुशीवर वळायची आणि शेपटीनं जोरात पाच-सहा फटके मारायची. गोटे उडायचे, माती प्रवाहात वाहून जायची. मग सरळ होऊन खड्ड्यावर यायची आणि पोटाखालचा पंख खाली टेकवून खोली बघायची. हो, बघायचीच. पुन्हा वळायची. शेपटीची कातडी झिजून पांढरी झाली होती, टोकाला काटे दिसत होते. मागे एक मोठा नर पहारा देत होता, दुसरा कोणी जवळ आला की तोंड उघडून अंगावर जायचा. आमच्याजवळ निळ्या जाकिटातली एक स्वयंसेविका येऊन उभी राहिली. साठीच्या आसपासची, खाली वाकून बोलणारी. ती हळू म्हणाली, "आता बघा."

मादी खड्ड्यात बसली. नर तिच्या अंगाला अंग लावून आला. दोघांनी तोंडं वासली आणि अंगं थरथरली. पाण्यात दुधासारखा एक ढग आला, आणि त्या ढगातून केशरी मोत्यांची सर खाली उतरली. सात-आठ सेकंदांत संपलं. लगेच मादी खड्ड्याच्या वरच्या बाजूला गेली आणि शेपटीनं गोटे उडवून तिनं ती अंडी झाकली. तोच तिचा पुढचा खड्डा.

गाबोळी आपण ताटात खूप पाहतो. ती अशी, एकेक दाणा सुटा होऊन, दगडांच्या फटीत जाऊन बसताना मी पहिल्यांदा पाहिली. माझे डोळे भरून आले. रेवानं काही विचारलं नाही, नुसता हात धरला.

स्वयंसेविकेनं सांगितलं, मादी साधारण साडेतीन ते चार हजार अंडी घालते. वसंतात पिल्लं गोट्यांतून वर येतात, ही नदी जिथे पोहोचते त्या शूस्वाप सरोवरात एक वर्ष राहतात, मग समुद्रात जातात आणि अलास्काच्या आखातात फिरतात. चौथ्या वर्षी परत. चार हजारांतून दोन परत आली तरी संख्या टिकते. म्हणजे उरलेली सगळी कोणाची तरी भूक भागवतात, हे ती फार साधेपणानं म्हणाली. यंदा पाणी कमी आणि कोमट आहे, याची तिला काळजी होती. पाणी 18-20 अंशांच्या वर गेलं की हे मासे थकतात, आजारी पडतात.

मोठ्या वर्षांचीही खात्री नसते, हे इथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. 2009 मध्ये फ्रेझरमध्ये एक कोटीहून जास्त सॉकाय येतील असा अंदाज होता, आले सुमारे 15 लाख. सरकारनं न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांची चौकशी नेमली. चौकशी सुरू असतानाच 2010 मध्ये सुमारे तीन कोटी मासे आले, 1913 नंतरचे सर्वांत जास्त. कोहेन यांचा अहवाल 2012 मध्ये आला. एकच एक कारण त्यांना सापडलं नाही. समुद्राचं तापमान, नदीचं तापमान, रोग, माशांची शेती, गाळ, सगळंच थोडं थोडं. 75 शिफारशी केल्या.

दुपारी एका तंबूत श्वेपमख बाई गरम बॅनक तळत होत्या. जाडसर पुरीसारखी भाकरी, वर धुरावलेला सॅमन. बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणीही आम्ही काढली, आणि त्यांच्यापुढे केली. त्यांनी चटणी चाखली, आणखी मागितली आणि बॅनकचे पैसे घेईनात. त्यांच्या आजीच्या लहानपणी नदी इतकी भरायची की रात्री आवाजानं झोप यायची नाही, असं त्यांच्या घरात सांगतात.

जाणाऱ्यांसाठी : सकाळी नऊच्या आत पोहोचा. ध्रुवीकरणाचा चष्मा न्याच, पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो. नदीत पाय घालू नका, कुत्रं मोकळं सोडू नका. जिथे गोटे स्वच्छ, उजळ दिसतात तिथे खाली अंडी असतात. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उत्तम.

तिसरा दिवस : ज्यासाठी थांबायला हवं

बहुतेक लोक एक दिवस येतात, लाल रंग बघतात आणि जातात. जाताना नाकाला रुमाल लावतात. एक काका तर मुलाला म्हणाले, "चल, इथे नुसते मेलेलेच आहेत." मला वाटतं, इथेच चुकतं. म्हणून आम्ही सोमवारी पुन्हा गेलो, पहाटेच, खालच्या अंगाला, जिथे प्रवाह संथ होतो आणि मेलेले मासे काठाला लागतात.

अंडी घातल्यावर मादी काही दिवस घरट्यावर राखण करते आणि मरते. नरही मरतो. पॅसिफिकमधल्या सॉकायला दुसरी फेरी नाही. काठावर शेकडो होते. डोळे नाहीत, कारण समुद्रपक्षी ते आधी नेतात. अंगावर पांढरी बुरशी, कापसासारखी. काही अजून जिवंत, पण पोहायचं सोडून दिलेले, उलटे होऊन पाण्याबरोबर जाणारे. मी एकाजवळ बसले. त्याच्या कल्ल्यात पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या शिरल्या होत्या. काठीनं दगड उलटला, तर खालीही त्याच. बाहेर कोरड्यावर पडलेल्यांत उडत्या माश्यांच्या अळ्या, पांढऱ्या, भाताच्या शितांसारख्या, सगळं अंग हलतं आहे असं वाटावं इतक्या.

हेच किडे पुढच्या वसंतात पिल्लांचं पहिलं अन्न होतात. आईबाप मेल्यावर सहा महिन्यांनी जन्मलेली पिल्लं आईबापांवर वाढलेले किडे खातात. शूस्वाप सरोवराचं पाणी मुळात फार पोषक नसतं. कुजणाऱ्या माशांचं फॉस्फरस आणि नायट्रोजन त्यात उतरतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती, त्यांवर सूक्ष्म प्राणी, त्यांवर पिल्लं.

आठच्या सुमारास कमरेपर्यंत रबरी पोशाख घातलेले दोघं तरुण मासे मोजताना भेटले. हे काम मी आधी कधी वाचलंही नव्हतं. ते आकड्यानं मेलेला मासा उचलतात, नर की मादी बघतात, मादीचं पोट चिरून अंडी उरली आहेत का ते पाहतात, काहींच्या डोक्यातून कानातला छोटा हाडासारखा खडा काढतात. त्या खड्यावर झाडासारखी वर्तुळं असतात, त्यावरून वय कळतं. आणि मग कोयत्यानं मासा मधोमध दोन तुकडे करून परत नदीतच टाकतात. दोन तुकडे का, तर तोच मासा उद्या पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून. परत नदीत का, असं मी विचारलं. एक जण माझ्याकडे जरा नवलानं पाहून म्हणाला, "नदीचाच आहे तो."

परतताना पायवाट सोडून थोडं आत गेलो, बोलत बोलत, मोठ्यानं, कारण अस्वलांच्या जागेत गप्प चालायचं नसतं. पाण्यापासून चाळीस पावलं आत, एका सीडरच्या बुंध्याशी, शेवाळावर एक सॅमन पडलेला होता. ओला, ताजा. डोकं खाल्लेलं, पोट फाडून गाबोळी नेलेली. बाकी तसाच. शेजारी मऊ मातीत पंजा उमटला होता, माझ्या तळव्यापेक्षा मोठा. आम्ही तिथूनच मागे फिरलो, पाठ न दाखवता, टाळ्या वाजवत. अस्वल दिसलं नाही. न दिसलेलंच बरं झालं.

पण तो मासा मला विसरता येत नाही. मासे भरपूर असले की अस्वल मेंदू आणि अंडी, म्हणजे सर्वांत स्निग्ध भाग खातं आणि उरलेला टाकतं. खाण्यासाठी ते मासा घेऊन झाडीत येतं, दुसऱ्या अस्वलानं हिसकावू नये म्हणून. जीवशास्त्रज्ञ टॉम राइमखेन यांनी ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापलीकडच्या हैदा ग्वाई बेटांवर रात्र रात्र बसून हे मोजलं. एका अस्वलानं एका हंगामात सुमारे 700 सॅमन जंगलात नेले, आणि जवळपास निम्मं तसंच सोडलं. समुद्रातल्या नायट्रोजनमध्ये एक जड प्रकार जास्त असतो. तो नंतर शेवाळात, किड्यांत, झाडांच्या खोडातल्या वर्तुळांतही सापडला.

आणि अलास्कातला एक प्रयोग तर मला फारच आवडतो, कारण त्यासाठी मोठी यंत्रं लागली नाहीत, लागला तो दीर्घ श्रम. हॅन्सन क्रीक नावाच्या छोट्या ओढ्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाचे टॉम क्विन आणि त्यांचे विद्यार्थी मेलेले मासे मोजत. एकदा मोजलेला पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून तो उचलून एकाच काठावर टाकायचा, असं त्यांनी ठरवलं. वीस वर्षं, दोन लाखांहून जास्त मासे, सगळे एकाच बाजूला. मग दोन्ही काठांवरच्या स्प्रूस झाडांची वर्तुळं मोजली, तर मासे टाकलेल्या बाजूची झाडं आधीपेक्षा वेगानं वाढत होती. 2018 मध्ये ते प्रसिद्ध झालं.

म्हणून मला त्या काकांना सांगावंसं वाटलं, की हे "नुसते मेलेले" नाहीत. नदीचं पाणी डोंगरातून खाली समुद्रात जातं आणि बरोबर मातीचं सत्त्वही नेतं. ते सत्त्व परत चढवणारं या खोऱ्यात दुसरं फारसं काही नाही. पाणी उलटं चढत नाही, मासा चढतो.

संध्याकाळी ॲडम्स सरोवराच्या तोंडाशी, जिथून ही नदी निघते तिथे, गेलो. 1908 मध्ये इथे ओंडके वाहून नेण्यासाठी धरण बांधलं होतं. अडवलेलं पाणी एकदम सोडून लाकूड खाली ढकलायचं. त्या लोंढ्यांनी घरटी उखडली आणि सरोवराच्या वरच्या भागात जाणारी माशांची जमात संपली. तिथे मासे होते हे आता सांगायला लागतं. आम्ही बसलो होतो तिथे पाणी शांत होतं, आणि त्यात लाल काही नव्हतं.

चौथा दिवस

परतीचा. कोक्विहाला घाटातून चार-साडेचार तासांत घरी. रस्त्यात बसून खाल्लेला ॲपल पाय आणि घाटातली पिवळी झालेली झाडं एवढंच लिहिण्यासारखं. कपड्यांचा वास मात्र दोन धुण्यांनी गेला.

30 ऑक्टोबर : गोल्डस्ट्रीम, पाऊस

महिन्याच्या शेवटी शेवटी आभाळ फुटलं. इतके दिवस कोरड्या ओढ्यांच्या तोंडाशी अडकलेले मासे पाण्याबरोबर वर चढले, आणि रेवा म्हणाली, आता व्हँकूव्हर बेटावर जाऊ. त्सावासेनहून फेरी बोट, दीड तासाचा प्रवास, आणि स्वार्ट्झ बेपासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासात व्हिक्टोरियाजवळचं गोल्डस्ट्रीम उद्यान.

इथे मासा वेगळा, चम. लाल नाही, अंगावर जांभळ्या-हिरव्या उभ्या पट्ट्या. नराचे दात इतके मोठे की त्याला कुत्रा-सॅमन म्हणतात. चमची पिल्लं सरोवरात थांबत नाहीत, वसंतात बाहेर पडली की थेट समुद्राकडे. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. हंगाम नुकता सुरू झाला होता, मेलेले अजून थोडेच होते. गरुड डिसेंबरात जमतात, मेलेल्यांवर. त्यांच्यासाठी जायचं असेल तर तेव्हाच जा. मासे आणि गरुड एकाच भेटीत मिळत नाहीत.

छत्र्या घेतलेली मुलं काठावर ओळीनं उभी होती. वर शेकडो वर्षांचे सीडर आणि डग्लस फर, त्यांच्या फांद्यांवरून पाऊस उशिरा आणि मोठ्या थेंबांनी पडत होता. या किनाऱ्यावरच्या मूळ लोकांत वर्षाच्या पहिल्या सॅमनचा मान मोठा. सगळ्यांनी वाटून खायचा आणि हाडं आठवणीनं पाण्यात परत द्यायची. मोजणाऱ्या तरुणाचा शब्द मला तिथे आठवला, "नदीचाच आहे तो."

एक राखाडी, चिमणीपेक्षा जरा मोठा पक्षी दगडावर बसून गुडघे मोडल्यासारखा सारखा वरखाली होत होता. डिपर. बघता बघता तो प्रवाहात चालत गेला, पाण्याखाली. मुलं ओरडली. बाहेर आला तेव्हा चोचीत केशरी मोती. गिळला, आणि पुन्हा वाकवाक सुरू.

जाणाऱ्यांसाठी : पावसाळी बूट हवेत, छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा. गरम पेय बरोबर न्या. नदीला लागून पायवाट सपाट आहे, वयस्कर माणसांना अडचण नाही.

एप्रिल

मी नोव्हेंबरात परत आले. एप्रिलमध्ये रेवा एकटीच ॲडम्सला जाऊन आली आणि तिनं अठ्ठावीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. तेच कॉटनवुड, तीच मुळं. काठाच्या संथ पाण्यात नखाएवढी, पारदर्शक पिल्लं. डोळे तेवढे काळे आणि मोठे. प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी पोहत होती. मध्येच एखादं पुढे झेपावायचं, काहीतरी टिपायचं आणि परत रांगेत यायचं. तळाशी गोट्यांमध्ये एक जबडा पडलेला होता, स्वच्छ धुतलेला, आकड्यासारखा वाकलेला. पिल्लं त्याच्या सावलीत होती.